टायरीक हिलला सोडलं तेव्हा: महागडा क्वार्टरबॅक आणि उरलेली पर्स

२३ मार्च २०२२ रोजी कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरीक हिलला मायामी डॉल्फिन्सकडे धाडलं. हिल म्हणजे त्या काळात अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्या डिफेन्सला सर्वांत जास्त धडकी भरवणारा रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास पकडणारा गडी. त्याच्या बदल्यात चीफ्सकडे एकही खेळाडू आला नाही. आले ते ड्राफ्टमधले पाच नंबर, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या नव्या पोरांपैकी पाच जण निवडायचा हक्क. त्या दिवशी मला हा सौदा अजिबात पटला नव्हता. हातातला हिरा देऊन पाच बंद पाकिटं घेतल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतरच्या तीन हंगामांत चीफ्स तिन्ही वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेले. दोन जिंकले, तिसऱ्यात सपाटून मार खाल्ला. जेतेपदासाठी एक तारा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चढाईचा सूत्रधार) पुरतो की सगळ्या जागी भक्कम माणसं लागतात, या जुन्या वादात दोन्ही बाजूंचे लोक याच संघाकडे बोट दाखवतात. म्हणून हे एकच प्रकरण सुरुवातीपासून उलगडून पाहू.

## पार्श्वभूमी

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला वरची मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. आयपीएलच्या लिलावातली पर्स ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल: एकावर हात सैल सोडला की बाकीच्यांसाठी आखडता घ्यावा लागतो. इथे मात्र त्या पैशात ५३ जण बसवायचे असतात, आणि ऑफेन्सचे (चढाई करणारे) अकरा वेगळे, डिफेन्सचे (अडवणारे) अकरा वेगळे. क्वार्टरबॅक हा ऑफेन्समधला एक. आपला डिफेन्स मैदानात उतरला की तो बाजूच्या बाकावर जाऊन बसतो, मग कितीही मोठा तारा असो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

कॅप १९९४ मध्ये आली. त्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीव्ह यंगने कॅपचा साधारण १३.१ टक्के वाटा घेऊन सुपर बोल जिंकला. पुढची जवळजवळ तीन दशकं त्याहून मोठा वाटा घेणाऱ्या एकाही क्वार्टरबॅकला जेतेपद मिळालं नाही. त्यातून एक ठोकताळा रुजला: क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर जिंकून घ्या. २०११ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या करारानंतर नवख्यांचे पगार निवडीच्या क्रमांकावर बांधले गेले, तेव्हा तर हा ठोकताळा आणखी पक्का झाला. सिएटल सीहॉक्सनी २०१३ च्या हंगामात तेच केलं. त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतला, ७५ व्या क्रमांकाचा, पगार किरकोळ. वाचलेला पैसा बाकी संघावर.

चीफ्सची सुरुवातही अशीच झाली. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये ते २७ व्या क्रमांकावरून १० व्यावर चढले आणि पॅट्रिक महोम्सला घेतलं. पहिलं वर्ष तो जवळजवळ पूर्ण बाकावर होता. २०१८ मध्ये संघ हाती आला आणि पहिल्याच फटक्यात ५० टचडाउन पास (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचवून गुण मिळवून देणारे) आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. फेब्रुवारी २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ३१-२० हरवून सुपर बोल आला, तोही नवख्याच्या पगारावर. जुलै २०२० मध्ये त्याला दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली, किंमत ४५ कोटी डॉलर. त्या सहीबरोबर स्वस्ताईचे दिवस संपले.

मग ७ फेब्रुवारी २०२१ उजाडला. आपल्याकडे सोमवारची पहाट, पाचचा गजर. टँपा बेने चीफ्सना ३१-९ असं धुतलं. चीफ्सचे दोन्ही मूळचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जायबंदी होऊन बाहेर होते. टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या डाव्या-उजव्या कडेला उभं राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवणारे आडदांड गडी. ते नसले तर काय होतं ते त्या रात्री जगाने पाहिलं. महोम्स पास टाकायला ५६ वेळा मागे सरकला, त्यातल्या २९ वेळा कुणीतरी त्याच्या मानगुटीशी होतं. सुपर बोलच्या इतिहासात एवढा दबाव कुठल्याच क्वार्टरबॅकवर आला नव्हता. पास सुटण्याआधी किंवा पाडला जाण्याआधी तो एकूण ४९७ यार्ड नुसता पळत होता. चौथ्या क्वार्टरमधला एक पास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मागे मागे पळत तो कोलमडला, अंग जमिनीला समांतर झालं, आणि त्या अवस्थेत त्याने मनगटाच्या झटक्यावर चेंडू थेट एंड झोनमध्ये फेकला. चेंडू नेमका आपल्या माणसाच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला आणि खाली पडला. जगातला सर्वांत गुणी क्वार्टरबॅक आपल्या परीने करता येईल ते सगळं करत होता, आणि धावफलकावर एकही टचडाउन नव्हता.

चीफ्सचे जनरल मॅनेजर ब्रेट वीच यांनी इशारा ओळखला. मार्चमध्ये फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मोकळं केलं. जो थूनीला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर दिले, बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउनला आणलं, ड्राफ्टमध्ये ६३ वा क्रीड हम्फ्री आणि २२६ वा ट्रे स्मिथ उचलला. २०२१ च्या हंगामात क्वार्टरबॅकपुढच्या ओळीतल्या पाचही जागांवर नवी माणसं उभी होती. या प्रकरणात हिलच्या सौद्याइतकंच महत्त्व या दुरुस्तीला आहे, पण ओळीतल्या गड्यांचे कुणी फलक लावत नाही, म्हणून ती विसरली जाते.

## अडचण

जानेवारी २०२२ मधले लागोपाठचे दोन रविवार पाहिले की वीच यांच्यापुढचा पेच समजतो.

२३ जानेवारीला बफेलोविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. एक मिनिट दोन सेकंद उरले असताना हिलने ६४ यार्डांचा टचडाउन केला. बफेलोने पुन्हा आघाडी घेतली, उरले १३ सेकंद. महोम्सने हिलला १९ यार्ड, ट्रॅव्हिस केल्सीला २५ यार्ड असे दोन पास दिले, हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली, आणि जादा वेळेत चीफ्स ४२-३६ जिंकले. हिलच्या नावावर ११ कॅच, १५० यार्ड. असा माणूस कोण सोडेल?

त्याच सामन्याचं दुसरं पान फारसं कुणी उलटलं नाही. बफेलोच्या गेब्रियल डेव्हिस या एकाच रिसीव्हरने चीफ्सच्या डिफेन्सविरुद्ध २०१ यार्ड आणि चार टचडाउन केले होते. महोम्स आणि हिल यांना चमत्कार करावा लागला, कारण बाकावर बसून ते डेव्हिसला अडवू शकत नव्हते.

पुढच्या रविवारी सिनसिनाटी बेंगॉल्स. चीफ्स आधी २१-३, मग २१-१० पुढे. पूर्वार्ध संपायला पाच सेकंद, चेंडू एक यार्डाच्या रेषेवर. सरळ किक मारून तीन गुण घेता आले असते. महोम्सने चेंडू कडेला हिलकडे दिला, रेषेच्या मागेच. हिलच्या पायांतली वीज आजवर अशा वेळी दोन पावलांत फरक पाडत आली होती, पण इलाय ॲपलने त्याला जागीच धरला. वेळ संपला, गुण शून्य. उत्तरार्धात बेंगॉल्सनी तिघेच जण पुढे धाडले आणि आठ जण मागे पास अडवायला ठेवले. चीफ्सना पूर्ण उत्तरार्धात तीनच गुण मिळाले. जादा वेळेत महोम्सने लांबचा पास टाकला तो हिलकडेच, दोघांच्या कचाट्यात. जेसी बेट्सने चेंडूला हात लावला, व्हॉन बेलने तो झेलला. बेंगॉल्स २७-२४ जिंकले. चीफ्सच्या जर्सीत हिलकडे आलेला तो शेवटचा पास.

म्हणजे एकीकडे डिफेन्स गळका, आणि दुसरीकडे ज्या लांब पासच्या धाकावर ऑफेन्स उभा होता त्यावर मागे माणसं पेरून राहण्याचा उतारा सापडलेला. त्यातच कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरवर पाळत ठेवणारा) चार्व्हेरियस वॉर्ड आणि सेफ्टी (सर्वांत मागे राहून लांबचे पास अडवणारा) टायरन मॅथ्यू यांचे करार संपत होते. आणि महोम्सचा २०२२ चा कॅपमधला आकडा होता सुमारे ३.५८ कोटी डॉलर, म्हणजे २०.८२ कोटींच्या पर्सचे १७ टक्के. यंगच्या १३.१ टक्क्यांच्या कितीतरी वर.

## समोरचे पर्याय

हिलच्या करारात एक वर्ष उरलं होतं आणि मुदतवाढीची बोलणी चालू होती. १७ मार्चला बाजार हलला. ग्रीन बेने दावांते ॲडम्सला लास व्हेगास रेडर्सकडे पाठवलं आणि त्याचा नवा करार ठरला पाच वर्षांचा, १४ कोटी डॉलरचा. रिसीव्हरचा भाव एका दिवसात वेगळ्याच पायरीवर गेला. हिलनेही त्याच पायरीचा भाव मागणं अगदी रास्त होतं.

पहिला पर्याय म्हणजे तो भाव देणं. पुढे मायामीने हिलला चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले, त्यातले ७.२२ कोटी हमीचे. वर्षाला सरासरी ३ कोटी. महोम्सच्या १७ टक्क्यांत हे मिळवलं तर दोघांवरच पर्सचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. कॅपचा हिशोब पुढच्या वर्षांवर ढकलायच्या युक्त्या असतात, त्यामुळे हे जमलं नसतं असं नाही. पण ढकललेलं फेडावं लागतंच, आणि मधल्या काळात कॉर्नरबॅक कुठून आणायचे हा प्रश्न तसाच उरतो.

दुसरा पर्याय हिलला उरलेलं वर्ष खेळवून मग पाहण्याचा. तो नुकताच २८ वर्षांचा झाला होता. त्याचं सगळं भांडवल वेग, आणि वेग कधी कमी होईल याची हमी कुणी देत नाही. वर्षाने तो निघून गेला असता तर बदल्यात फार तर एक नुकसानभरपाईचा ड्राफ्ट नंबर मिळाला असता, तिसऱ्या फेरीच्या शेवटी.

तिसरा, भाव चढलेला असताना विकणं. यातला धोका उघड होता. ड्राफ्टमधले किती जण खरोखर खेळाडू म्हणून उभे राहतात? पहिल्या फेरीतलेही पुष्कळ वाया जातात. शिवाय हिल मैदानात असला की समोरचे सेफ्टी मागे सरकतात, त्यामुळे केल्सीला मधली मोकळी जागा मिळते. हिल गेला की केल्सीचंही मोल कमी होईल, ही भीती अनाठायी नव्हती.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो एक भेद. महोम्स रिसीव्हरला मोठा करू शकतो. साधारण रिसीव्हरसुद्धा त्याच्या हातून आलेल्या चेंडूवर चांगला दिसतो, कारण चेंडू वेळेवर येतो, जागेवर येतो, आणि बेत फसला तरी महोम्स पळत पळत दुसरा बेत तयार करतो. पण महोम्स कॉर्नरबॅकला मोठा करू शकत नाही, आणि स्वतःपुढच्या टॅकललाही नाही. मग जिथे ताऱ्याचा हात पोचतो तिथे काटकसर करायची आणि जिथे पोचत नाही तिथे माणसं भरायची. चीफ्सचे त्यानंतरचे व्यवहार याच धाग्याने जुळतात.

आणखी एक बाब त्यांच्या पथ्यावर पडली. केल्सी टाइट एंड, म्हणजे ओळीच्या कडेला उभं राहून अडवणारा आणि पासही पकडणारा, आणि टाइट एंडचा बाजारभाव रिसीव्हरच्या मानाने बराच कमी. २०२० मध्ये त्याला मिळालेली मुदतवाढ चार वर्षांना मिळून सुमारे ५.७ कोटींची होती. पहिल्या दर्जाचा पास पकडणारा त्यांच्याकडे होताच, तोही स्वस्त रांगेतला.

## निर्णय आणि पुढची पावलं

सौदा ठरला. मायामीकडून २०२२ चे तीन नंबर (२९, ५० आणि १२१) आणि २०२३ चे चौथ्या आणि सहाव्या फेरीतले दोन.

एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये वीच यांनी २९ आणि १२१ या दोन्हींत स्वतःचा ९४ वा घालून ते न्यू इंग्लंडला दिले आणि २१ व्या क्रमांकावर जाऊन ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक घेतला. स्वतःच्या ३० व्यावर जॉर्ज कार्लाफ्टिस, क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा डिफेन्सिव्ह एंड. पुढे सेफ्टी ब्रायन कुक (६२), लाइनबॅकर लिओ चेनॅल (१०३), कॉर्नरबॅक जोशुआ विल्यम्स (१३५), आणि सातव्या फेरीत कॉर्नरबॅक जेलन वॉटसन (२४३) आणि धावणारा आयझाया पचेको (२५१). ५० वा नंबर मात्र चार जागा मागे सरकवला आणि ५४ वर रिसीव्हर स्काय मूर घेतला. रिसीव्हरची उरलेली जागा जूजू स्मिथ-शूस्टर आणि मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंग अशा मधल्या दर्जाच्या माणसांनी भरली. हंगामाच्या मध्यावर न्यूयॉर्क जायंट्सकडून केडेरियस टोनी आला.

त्याच एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी बरोबर उलटं केलं. १८ वा आणि १०१ वा नंबर टेनेसीला देऊन त्यांनी ए. जे. ब्राउन हा रिसीव्हर आणला आणि त्याला चार वर्षांसाठी १० कोटी डॉलर दिले. त्यांना ते परवडलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स दुसऱ्या फेरीतला, ५३ व्या क्रमांकाचा, आणि कॅपमध्ये त्याचा आकडा २० लाख डॉलरच्याही आत होता. एकाने रिसीव्हर विकला, दुसऱ्याने विकत घेतला, आणि माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. रिसीव्हर परवडतो की नाही, हे क्वार्टरबॅकच्या पगारावर ठरतं.

## काय घडलं

पहिल्याच वर्षी सगळ्यांचे अंदाज चुकले, माझेही. हिलशिवाय चीफ्सच्या ऑफेन्सने १७ सामन्यांत ४९६ गुण केले. आदल्या वर्षी हिलसकट ४८० होते. महोम्सचे ५,२५० यार्ड, ४१ टचडाउन पास, पुन्हा एमव्हीपी. ठरलेला एक लक्ष्यबिंदू नसल्याने समोरच्यांना कुणावर दोघे लावायचे तेच कळेना. उलट डिफेन्सने लगेच काही दिवे लावले नाहीत. ३६९ गुण दिले, आदल्या वर्षीच्या ३६४ पेक्षा पाच जास्तच. नव्या पोरांना हंगामभर वेळ देण्याची ती किंमत होती.

वसुली सुरू झाली २९ जानेवारी २०२३ ला, पुन्हा बेंगॉल्सविरुद्ध. महोम्सचा घोटा दुखावलेला. पूर्वार्धात सातव्या फेरीतल्या वॉटसनने एक पास चोरला. चौथ्या क्वार्टरमध्ये बरोबरी असताना बेंगॉल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याने लांबचा पास टाकला, कुकने उडी मारून चेंडू हवेत उडवला आणि विल्यम्सने झेलला. दोघेही त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधले. अखेरीस क्रिस जोन्सने बरोला सॅक केलं, म्हणजे पास सुटण्याआधीच पाडलं, मूरने पंट (समोरच्यांनी लाथेने दूर धाडलेला चेंडू) पकडून २९ यार्ड परत आणला, लंगडत पळणाऱ्या महोम्सला रेषेबाहेर ढकलल्याबद्दल बेंगॉल्सना १५ यार्डांचा दंड झाला आणि बटकरच्या ४५ यार्डांच्या किकने सामना २३-२० संपला.

दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये समोर ईगल्स. हंगामात ७० सॅक घेऊन आलेली त्यांची आघाडीची फळी, आणि घोटा दुखावलेला महोम्स. पूर्ण सामन्यात त्यांना एकदाही त्याला सॅक करता आलं नाही. २०२१ मध्ये बांधलेल्या ओळीने आपलं काम केलं. टोनी आणि मूर दोघांचे टचडाउन असे होते की जवळपास एकही ईगल नव्हता. टोनीने ६५ यार्डांचा पंट परत आणला, सुपर बोलमधला सर्वांत लांब. हर्ट्सनेही तोडीस तोड खेळ केला, पण ३८-३५ असा निकाल चीफ्सच्या बाजूने लागला. १७ टक्के वाटा घेणाऱ्या क्वार्टरबॅकने जेतेपद घेतलं आणि यंगचा जुना ठोकताळा मोडला.

२०२३ ला चित्र उलटं झालं. रिसीव्हरची काटकसर अंगाशी आली. पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध टोनीच्या हातांतून निसटलेला पास थेट समोरच्याने पकडून टचडाउनपर्यंत नेला आणि सामना एका गुणाने गेला. डिसेंबरमध्ये बफेलोविरुद्ध टोनी रेषेपुढे उभा राहिल्यामुळे जिंकून देऊ शकणारा टचडाउन रद्द झाला. ऑफेन्स ४९६ वरून ३७१ गुणांवर घसरला. आणि नेमकं त्याच वर्षी प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांच्या डिफेन्सने फक्त २९४ गुण दिले, लीगमध्ये दुसरा नंबर. मॅकडफी ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात, कार्लाफ्टिसचे साडेदहा सॅक. महोम्सच्या कारकिर्दीत प्रथमच डिफेन्स संघाला ओढून नेत होता.

प्लेऑफचा पहिला सामना नियतीने मायामीशीच लावला. उणे २० अंश सेल्सिअस थंडी, हिल पुन्हा चीफ्सच्या ॲरोहेड मैदानावर. त्याने ५३ यार्डांचा एक सुरेख टचडाउन केला, मायामीचे तेवढेच सात गुण. चीफ्स २६-७.

११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमधले दोन क्षण मी जपून ठेवले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने टचडाउन करून १६-१३ आघाडी घेतली, त्यानंतरच्या एका गुणाच्या साध्या किकला चेनॅलने गर्दीतून हात घातला. किक अडली. मग दोन मिनिटांचा खेळ उरला असताना १६-१६. सॅन फ्रान्सिस्कोची तिसरी संधी, पाच यार्ड हवे. मॅकडफी आतल्या रिसीव्हरसमोर उभा होता, त्याच्यावर पाळत ठेवणार असंच वाटत होतं. चेंडू सुटला आणि तो रिसीव्हरला सोडून थेट क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीच्या अंगावर गेला. त्याने पर्डीला पाडलं नाही, नुसती उडी मारून हात वर केला. पास त्याच्या हाताला लागून पडला. सॅन फ्रान्सिस्कोला टचडाउनऐवजी तीन गुणांवर भागवावं लागलं, बटकरने शेवटच्या सेकंदांत बरोबरी केली, आणि जादा वेळेत महोम्सने १३ खेळींत ७५ यार्ड नेऊन २५-२२ असा सामना जिंकला. गौरव महोम्सचा झाला आणि तो योग्यच. पण तो हात वर झाला नसता तर महोम्सला ती पाळी मिळाली असती का?

मायामीने सौद्यात फसवणूक पदरी घेतली असंही नाही. हिलने तिथे पहिल्या वर्षी १,७१०, दुसऱ्या वर्षी १,७९९ यार्ड केले. मात्र त्या दोन्ही वर्षी संघ प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात गारद झाला.

आणि मग ९ फेब्रुवारी २०२५. न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा ईगल्स. ऑर्लँडो ब्राउन २०२३ मध्येच गेला होता आणि डाव्या टॅकलची जागा तेव्हापासून नुसत्या तात्पुरत्या उपायांवर चालली होती. २०२४ च्या हंगामात एकामागून एक माणसं बदलून पाहिली, शेवटी गार्ड असलेल्या थूनीलाच तिथे उभं केलं. ईगल्सनी पूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केली नाही, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडली नाहीत. गरजच पडली नाही. नेहमीच्या चौघांनी महोम्सला सहा वेळा सॅक केलं, त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा आकडा. पूर्वार्धात त्याचे पासचे यार्ड ३३. गुण २४-०, अखेर ४०-२२. टँपाची ती रात्र चार वर्षांनी परत आली.

ईगल्सच्या विजयाला समतोल संघाचा विजय म्हणतात ते खरं आहे. पण तोवर हर्ट्सही २५.५ कोटींच्या करारावर होता, स्वस्त मुळीच नव्हता. ईगल्सचे जनरल मॅनेजर हाउई रोझमन यांनी त्याच्या कॅपचा बोजा पुढच्या वर्षांवर पसरला आणि दरम्यान क्विन्यॉन मिचेल, कूपर डीजीन अशी नवखी पोरं बचावाच्या मागच्या फळीत उभी केली. चीफ्सनी २०२२ मध्ये केलं तेच.

## वेगळं काय करता आलं असतं

हिलला सोडणं आज मला बरोबर वाटतं. चुका झाल्या त्या भोवतीच्या निर्णयांत.

पहिली, वेळेची. हिलशी मुदतवाढीचं पक्कं २०२१ च्या उन्हाळ्यातच झालं असतं तर ॲडम्सच्या सौद्याचा भडका लागण्याआधीचा भाव मिळाला असता, आणि मग कदाचित निवडच करावी लागली नसती. अर्थात मॅकडफी मिळाला नसता. हे गणित मी बऱ्याचदा मांडलं आहे आणि दर वेळी मॅकडफीच्या बाजूने झुकतो.

दुसरी चूक जास्त बोचते. ५० वरून ५४ वर सरकताना मधल्या ५२ व्या क्रमांकावर पिट्सबर्गने जॉर्ज पिकेन्स उचलला. चीफ्स जागेवर थांबले असते तर तो त्यांना घेता आला असता. स्काय मूर त्या दोन मोठ्या सामन्यांत कामी आला, पण रिसीव्हर म्हणून कधी उभा राहिला नाही. पहिल्या वर्षी त्याचे २५० यार्ड. २०२३ चा कोरडा ऑफेन्स बऱ्याच अंशी त्या चार जागांमध्ये आहे, असं मी मानतो. टोनीवर तिसऱ्या फेरीचा नंबर खर्च करणं हीसुद्धा घाईच होती. २०२३ मध्ये रशी राइस दुसऱ्या फेरीत मिळाला तेव्हा कुठे घडी बसू लागली.

तिसरी चूक डाव्या टॅकलची, आणि ती मला समजतच नाही. टँपाचा धडा याच व्यवस्थापनाने घेतला होता, एका उन्हाळ्यात सगळी ओळ बदलून दाखवली होती. तरी ब्राउन गेल्यावर दोन वर्षं त्या जागेचा कायमचा बंदोबस्त झाला नाही. जिंकत राहिलं की भेगा दिसत नाहीत. १५-२ असा हंगाम गेला, पण कितीतरी सामने शेवटच्या घटकेला जेमतेम खिशात पडले होते. ओळ ढासळते आहे हे डिसेंबरमध्ये थूनीला सरकवलं तेव्हाच मान्य झालं होतं.

मार्च २०२५ मध्ये थूनी शिकागोला गेला. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये चीफ्सकडे पहिल्या फेरीतला ३१ वा नंबर होता. तो त्यांनी दिला कुणाला, तर ईगल्सनाच, आणि स्वतः एक जागा मागे सरकले. ३२ व्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं ओहायो स्टेटच्या जॉश सिमन्सचं. गुडघ्याची दुखापत झाल्यामुळे तो खाली घसरला होता. जागा, डावा टॅकल.